दुपारी दिलेलं बक्षीस

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू झाली की आईकडे जाताना पांढुर्णा-सौंसर बसमध्ये मी खिडकीची जागा सोडत नाही. कंडक्टर ओळखीचा आहे. ‘मॅडम, काच लावा ना, धूळ येऊन राहिली,’ असं तो दर रविवारी म्हणतो आणि मी दर रविवारी ऐकलं न ऐकलंसं करते. धुळीबरोबर संत्र्याच्या सालीचा वास आत येतो, आणि त्या वासासाठी मी रुमाल काळा करून घ्यायला तयार असते. घरी सहामाहीचे पेपर तपासायचे पडलेले असतात. पडू देत. मुलांनी जे लिहून ठेवलंय ते आठ दिवसांनी वाचलं म्हणून बिघडणार थोडंच आहे.

या रविवारी बसमध्ये बसल्या बसल्या फोनवर एक यादी येऊन पडली. देशभरातल्या टीव्ही मालिकांना दरवर्षी जी बक्षिसं देतात, त्यांची नामांकनं. नायिका, नायक, सासू, खलनायिका, जोडी, बालकलाकार. ही यादी मी खालून वर वाचते. खाली, जाहिरातीच्या जरा वर, बारीक अक्षरात संकलन, प्रकाश, वेशभूषा, ध्वनी असे रकाने असतात, आणि आमच्या घरातल्या माणसाचं नाव आलंच तर तिथंच येणार. ही सवय मला एका हंगामानं लावली. पांढुर्णा तेव्हा जिल्हा झालं नव्हतं, माझी आई अजून कामाला जात होती, आणि संत्री लाकडी पेट्यांतून जात होती.

तो सोहळा मात्र त्याहून पुष्कळ जुना. आमच्या घरी टीव्ही आला तेव्हा मी आठवीत होते आणि माझी धाकटी बहीण सुनी पाचवीत. छपरावरचा अँटेना नागपूरकडे केला की मराठी लागायचं, छिंदवाड्याकडे केला की हिंदी, आणि नुसता सोडून दिला की मुंग्या. म्हणून मोठा कार्यक्रम असला की कुणीतरी वर बसून दांडा धरायचा. ते काम सुनीचं, कारण ती वजनानं हलकी आणि तिच्या पायाखाली छपराचे कवेलू फुटत नसत. आम्ही खाली बसून चित्र पाहायचो, ती वर बसून नुसतं ऐकायची. खाली उतरली की विचारायची, ‘ताई, त्या बाईच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या ना? एक तडकलेली होती.’ तडकलेली बांगडी आमच्यापैकी कुणीच पाहिलेली नसायची.

आवाजांचं तिला वेडच होतं. शाळेत तिनं एकदा तोंडानं सुटीची घंटा अशी वाजवली की तीन वर्ग दप्तरं घेऊन बाहेर पडले. हेडमास्तरही छत्री उचलून निघाले होते, असं मुलं सांगतात. मार मात्र तिला एकटीलाच बसला.

त्या वेळचा बक्षिसांचा सोहळा आजच्या मुलांना दाखवला तर ती ग्रामपंचायतीची सभा समजतील. मागे निळा पडदा, दोन बाजूंना दोन कुंड्या, हातात कागद घेतलेल्या एक बाई. नाव पुकारलं की माणूस यायचा, हात जोडायचा, मूर्ती घ्यायचा आणि कुठल्या बाजूनं उतरायचं ते विसरायचा. नायिकेमागून लेखक, लेखकामागून कॅमेरेवाला, कॅमेरेवाल्यामागून आवाजवाला, सगळे एका रांगेत. आवाजवाल्याचा शर्ट एका बाजूनं बाहेर आलेला असायचा. आई म्हणायची, ‘याच्या घरी कोणी नाही का सांगाले?’ दीड तासात सगळं आटपायचं आणि सुनीला खाली उतरवायचं लक्षात यायला आणखी दहा मिनिटं लागायची.

पुढे केबल आली, सुनी छपरावरून कायमची उतरली आणि सोहळा वाढत गेला. नाच आले. लाल गालिचा आला. प्रायोजकांची नावं बक्षिसाच्या नावापेक्षा लांब झाली. सासूला वेगळं बक्षीस, सुनेला वेगळं, दोघींच्या भांडणाला वेगळं. दीड तासाचे चार तास झाले तरी जागा अपुरी पडू लागली, आणि मग शर्ट बाहेर आलेली माणसं हळूच रांगेतून कमी झाली. त्यांची बक्षिसं दुपारी, पाहुणे यायच्या आधी, रिकाम्या खुर्च्यांसमोर उरकू लागली. कुणी तसं जाहीर केलं नाही. आम्हालाही ते गेलेले कळले नाहीत, इतके आम्ही नाचात गुंतलो होतो.

सुनी तोवर नागपूरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मुंबईला गेली होती. तिचं काम कुणाला समजावून सांगायचं तर मला नेहमी चहाचे दोन कप लागतात. मालिकेत बाई चालते, दार लागतं, पोळी लाटली जाते. चित्रीकरणाच्या गोंगाटात हे आवाज नीट येत नाहीत. मग सुनी एका बंद खोलीत पडद्यासमोर उभी राहून ते सगळे आवाज हातापायांनी पुन्हा करते. पडद्यावर सासूबाई तोऱ्यात जिना उतरतात तेव्हा खाली सुनीच्या पायात त्यांच्या मापाच्या चपला असतात. पडद्यावर चिता जळते तेव्हा सुनी पऱ्हाटी मोडत असते. कापूस वेचून झाल्यावर उरलेली ही वाळकी झाडं मी इथून पोत्यात भरून पाठवते. पार्सलवाल्यानं पहिल्यांदा विचारलं, ‘मॅडम, मुंबईत सरपणाची तंगी आहे का?’ मी ‘हो’ म्हणाले. दुसऱ्या कपाची सोय तिथं नव्हती.

आई सौंसरच्या एका पॅकिंगच्या आवारात संत्री निवडायची. बागांतून आलेला ढीग समोर, आणि त्यातून एक नंबर, दोन नंबर, आणि पोला, म्हणजे आतून सुकलेला, असे वेगळे काढायचे. आईचं नाव कौसल्या, पण आवारात तिला ‘एक नंबरवाली’ म्हणत. तिनं भरलेल्या पेटीवर व्यापारी कधी झाकण उचलून पाहत नसे. खिळे ठोकले की थेट ट्रकवर. इतकी वर्षं काम करून आईनं काय मिळवलं असं कुणी विचारलं असतं तर तिनं हेच सांगितलं असतं, की माझी पेटी उघडत नाहीत.

तिच्या शेजारी बसायच्या वच्छलाबाई. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, तो वारून बरीच वर्षं झालेली. जीभ तिखट, हात आईइतकेच तयार. आई आवारात सांगायची, की माही सुनी टीव्हीत आहे. वच्छलाबाई संत्र्यावरची नजर न काढता म्हणायच्या, ‘आठ वर्ष झाले ऐकून राहिली. मले तं एकदाबी नाही दिसली.’

‘थे दिसत नाही,’ आई म्हणायची. ‘वाजते.’

‘वाजते? घंटा आहे का थे?’

सगळ्या हसायच्या, आईही हसायची. पण घरी आल्यावर ती हसणं पुन्हा पुन्हा सांगायची, आणि जो माणूस एखादी गोष्ट चारदा हसत सांगतो त्याला ती लागलेली असते. आपण बोललो आणि कुणी मानलं नाही, याची तिला सवय नव्हती.

त्या हंगामात एका मालिकेतल्या आवाजांसाठी सुनीचं नाव बक्षिसाच्या यादीत आलं. आईनं दुसऱ्या दिवशी आवारात सांगितलं, की रविवारी संध्याकाळी माही पोरगी टीव्हीवर बक्षीस घेईन, पाहा. बायका खूशच झाल्या. त्या मालिकेच्या नायिकेसाठी लोकांचं मत मागवलं होतं, एका नंबरावर नुसता मिस कॉल द्यायचा. बायकांनी स्वतःच्या फोनवरून दिला, मुलांच्या फोनवरून दिला, वच्छलाबाईंनी तर दारात आलेल्या दूधवाल्याचा फोन मागून घेतला. नायिकेला मत म्हणजे सुनीला मत, हे सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं.

बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल, पण आमच्याकडे ते तसंच असतं. हंगामाचा शेवटचा ट्रक भरताना आवारात एक रीत आहे. शेवटच्या पेटीसाठी प्रत्येकीचं नाव पुकारतात आणि तिनं येऊन आपल्या हातानं एक संत्रं ठेवायचं. निवडणारी, पेटीत वाळक्या गवताची तणीस अंथरणारी, कागद लावणारी, सगळ्यांना पाणी देणारी म्हातारीसुद्धा. त्याशिवाय झाकण लागत नाही. मग देशातला एवढा मोठा सोहळा, तिथं मालिका जिंकल्यावर सगळ्यांची नावं पुकारणार नाहीत असं या बायकांच्या मनात यावं तरी कसं? आईनं तर ती रांग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, निळ्या पडद्यासमोरची.

आणि इथं माझी चूक आहे, ती सांगून टाकते. सुनीनं मला फोनवर सांगितलं होतं, ‘ताई, आमचं दुपारीच असते. टीव्हीवर दाखवत नाही बहुतेक. आईले सांगून दे.’ मी सांगितलं नाही. आईचा तो आनंद पाहून माझी जीभ रेटली नाही. थोडं तरी दाखवतील, अशी मी माझीच समजूत घातली. शिक्षकांना स्वतःची समजूत घालणं फार लवकर जमतं.

रविवारी पाच वाजता आवारात रिकाम्या पेट्यांवर टीव्ही मांडला. बायका हात धुऊन, केस सारखे करून बसल्या. आईला मधोमध बसवलं. नाच झाले, विनोद झाले, साबण आणि मसाले झाले. तास दीड तासानं ती नायिका खरंच जिंकली. आवारात अशा टाळ्या पडल्या की कोपऱ्यात निजलेलं कुत्रं उठून बाहेर गेलं. नायिकेनं देवाचे आभार मानले, निर्मात्याचे मानले, मग म्हणाली, हे सगळं माझ्या टीममुळे.

‘टीम म्हणजे सुनी का?’ वच्छलाबाईंनी विचारलं.

‘हाव,’ आई म्हणाली. ‘आता पुकारन.’

आम्ही वाट पाहिली. नायिका उतरून गेली, दुसरा नाच सुरू झाला. त्या नाचाच्या खाली एक पट्टी सरकू लागली, दुपारच्या विजेत्यांची. लहान लहान चेहरे, आगगाडीच्या खिडक्यांसारखे पळणारे. त्यांत सुनी होती, तिच्या हातात मूर्ती होती. मी ‘ती बघा’ म्हणून बोट दाखवलं तोवर पट्टी संपून जाहिरात लागली होती. सगळ्या बायकांनी माझ्या बोटाच्या रोखानं पाहिलं, तर तिथं एक म्हैस होती आणि तिच्या शेजारी तुपाचा डबा.

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. आई शेवटपर्यंत बसली, आभारप्रदर्शन होईपर्यंत. मग तिनं बसायची पोती एकावर एक रचून ठेवली.

तीन दिवसांनी मी सौंसरला गेले तेव्हा ती भाकरी थापत होती. तव्याकडे बघतच म्हणाली, ‘वच्छलानं माही पेटी उघडून पाह्यली.’

‘मग? काही निघालं का?’

‘काय निघन? एक नंबर होता.’ भाकरी उलटून ती म्हणाली, ‘पण उघडली तं सही.’

मला राहवलं नाही. सुनीनं मला आधीच सांगितलं होतं, हे मी तेव्हा कबूल केलं. आईनं हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. ‘मंग तू कायले लपवलं?’

‘तुले वाईट वाटन म्हून.’

‘आता दोनदा वाटलं,’ आई म्हणाली आणि पुढची भाकरी घेतली. तिचा तो सरळ आवाज मला अजून टोचतो. रागावली असती तर मला माझी बाजू मांडता आली असती.

आता त्या सोहळ्यात पुन्हा बदल होतोय. दुपारचा भाग ते अलीकडे फोनवर टाकून देतात. पाहणारे थोडे, पण मी शाळेच्या मधल्या सुटीत बसून सगळा पाहते. प्रकाश सांभाळणारा एक जण मूर्ती घेऊन खुर्च्यांकडे बघत राहतो आणि गावाचं नाव घेतो. वेशभूषेवाल्या एक बाई आपल्या शिलाई मशीनचे आभार मानतात. गावाकडे कुणाची तरी आई हे बघत असणार, असं वाटून मला बरं वाटतं. यंदा हा भागही टीव्हीवर दाखवणार म्हणतात. दाखवतील, न दाखवतील. माणसं मात्र दिसायला लागली आहेत एवढं खरं, आणि एकदा दिसलेल्या माणसाला परत झाकणं जड जातं.

त्या हंगामाच्या शेवटी सुनी चार दिवस घरी आली. बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळलेली ती मूर्ती. आई ती घेऊन आवारात गेली आणि तासाभरात परत आली. बायकांनी हाताळून पाहिली, कौतुकही केलं, पण त्यांच्यातली एक सहज बोलून गेली, की असा कप तं पांढुर्ण्यात कबड्डीवाल्यायलेबी भेटते. आईनं मूर्ती फळीवर डब्यांच्या मागं ठेवली. सुनीनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याबरोबर आवारात आली.

जेवणाची सुटी होती. बायका सावलीत बसल्या होत्या. सुनी वच्छलाबाईंच्या समोर जाऊन बसली आणि म्हणाली, ‘मावशी, डोळे मिटा बरं.’ मग सगळ्यांनाच म्हणाली. हसत, एकमेकींना कोपरं मारत त्यांनी मिटले. सुनीनं कोरडी तणीस मुठीत धरून हळूहळू चुरली. कुणीतरी म्हणालं, पाऊस येऊन राहिला. तिनं पेटीच्या दोन फळ्या एकमेकींवर घासल्या आणि कुणीतरी म्हणालं, जुनं दार आहे. त्या मालिकेत नायिका माहेर सोडून जाते तेव्हा जे दार वाजतं, तेच दार. ते पाहताना या सगळ्या रडल्या होत्या. आता बाकीच्यांनी एकेक करून डोळे उघडले.

वच्छलाबाईंनी डोळे उघडले नाहीत. तशाच म्हणाल्या, ‘सायकल येते का तुले?’

‘कोणती सायकल, मावशी?’

‘घरी यायची. थे जिनिंगमधून यायचे तवाची.’

सुनीनं चौकशी सुरू केली, डॉक्टर करतात तशी. स्टँड एका पायाचा का दोन पायांचा? अंगणात माती होती का फरशी? वच्छलाबाई डोळे मिटूनच सांगत होत्या. फरशी होती. स्टँड ढिला होता, लावला का दोनदा वाजे. मंग चेन हाले. मंग थे चपला झटकत. सुनीनं पेटीची लोखंडी पट्टी घेतली, एक वीट घेतली, फाटकाची साखळी काढून आणली, आणि कुणाच्या तरी चपला.

पहिल्यांदा वाजवलं तेव्हा वच्छलाबाईंनी मान हलवली. ‘तशी नाही. एवढी जोरात नाही.’

दुसऱ्यांदा म्हणाल्या, ‘हळू, माय. दमून येत ना थे.’

तिसऱ्या वेळी सुनी आधी थोडी थांबली. पट्टी विटेवर एकदा टेकली, घसरली, पुन्हा टेकली. साखळी खळ्ळ करून शांत झाली. मग चपला झटकल्याचा आवाज, दोनदा, थकलेला.

वच्छलाबाई उठल्या. डोळे उघडे होते, पण आमच्यापैकी कुणाकडे पाहत नव्हते. डोक्यावरचा पदर सारखा करत त्या माठाकडे गेल्या, तांब्या बुडवून भरला, त्यावर पेला ठेवला आणि आमच्याकडे वळल्या. तेव्हा त्यांना कळलं, की ज्यांना पाणी द्यायचं ते तिथं नाहीत. तांब्या धरून त्या तशाच उभ्या राहिल्या.

मग त्या चालत आल्या आणि तांब्या सुनीच्या हातात दिला. ‘पे,’ त्या म्हणाल्या. सुनी पाणी पिऊन होईपर्यंत उभ्या राहिल्या आणि आईजवळ येऊन बसल्या.

‘कौसल्या,’ त्या म्हणाल्या, ‘आल्ते ना वो थे.’

आईनं त्यांचा हात हातात घेतला. ‘हाव,’ ती म्हणाली. ‘मीबी ऐकलं.’